ठेसन आणतो

आमच्या बोरमाळात ठेसन म्हणजे गाडी. इमारत नव्हे, फलाट नव्हे, गाडी. ‘ठेसन आलं का?’, ‘ठेसन हुकलं’, ‘तुझा आजा ठेसनानं नगरला गेल्ता’ असं ऐकत मी मोठी झाले, आणि सगळं जग असंच बोलतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. रुळावरून चालणाऱ्या त्या वस्तूला आमच्याकडे दुसरा शब्द नव्हता, कारण आमच्याकडे दुसरी गाडी कधी आलीच नाही. इमारतीला आम्ही कचेरी म्हणायचो. ‘शेळ्या कचेरीपाशी हायेत’ म्हटलं की त्या पडक्या फलाटावर चरत असणार हे सगळ्यांना कळायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या एका शब्दावरून झालं, आणि ज्यांनी ते केलं ते आजही म्हणतात की शब्द तुमचा चुकला. शब्द चुकला नव्हता. आमचा शब्द त्यांना पक्का कळला होता, आणि म्हणूनच त्यांनी तो तसा वापरला.

आमचं घर कचेरीच्या मागच्या अंगाला, गायरानाच्या कडेला. लाईन अगदी छोटी. लहान पोर एक पाय एका रुळावर आणि दुसरा पाय दुसऱ्या रुळावर ठेवून उभं राहू शकायचं, इतकी. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत जात होते तेव्हा ती बंद पडली. का बंद पडली याचं प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी म्हणायचं कोळसा महाग झाला, कुणी म्हणायचं जीपवाल्यांनी साहेबाला खूश केलं. पूर्वेकडचे रूळ नंतर नाहीसे झाले. ते कुणी नेले हे आमच्या गावात विचारत नाहीत, कारण निम्म्या घरांच्या आढ्याला तेच आहेत. आमच्याही होता. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला तो रूळ सांजच्याला निवायला लागला की टक् टक् वाजायचा, आणि चुलीपुढं बसलेली आत्या वर न बघताच म्हणायची, “बघ, धापा टाकतंय. लई लांबनं आलंय.” नगरच्या दिशेचे रूळ मात्र जागेवर होते, वेड्या बाभळीत बुडालेले, पण होते. ते होते म्हणून आशा होती. सगळेच गेले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती कायमची. घर खरं तर तिनं चालवलं, कारण दसरा झाला की मुकादमाचा टेम्पो यायचा आणि आई-दादा ऊसतोडीला जायचे, ते होळीच्या आगंमागं परत यायचे. तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी धड विचारत नाही. माझ्या आईचं नाव सखूबाई आहे, पण वर्षातला निम्मा काळ ती अर्धा कोयता होती. हे मी जाहीर सभेत बोलते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काय आहे हे मला अजून कळलेलं नाही.

आई-दादा गेले की घर मोठं व्हायचं आणि आवाज लहान व्हायचे. आत्या हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची. लसूण-मिरचीचं वाटण घातलेलं पीठ तळहातावर वळून त्याची लांब शेंग काढायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. त्या वाफेचा वास आला की मला रडू यायचं, कारण शेंगोळी आई नसतानाच व्हायची. आईला हुलगे सोसायचे नाहीत. पुढं शहरात एका हॉटेलच्या पाटीवर ‘स्पेशल नगरी शेंगोळी’ असं वाचलं आणि मी जेवायला आत न जाता तशीच परत फिरले. सोबतच्या मैत्रिणीला वाटलं मला भाव जास्त वाटला.

आईला नागापूरला जायचं होतं. नगरच्या कडेला ती कारखान्यांची वसाहत आहे. तिची मावसबहीण तिथं एका लहानशा कारखान्यात नट-बोल्ट पुड्यांत भरायचं काम करायची. आई एकदा तिला भेटायला गेली होती आणि पाळी सुटताना फाटकासमोर उभी राहिली होती. त्या दिवसाचं वर्णन तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मीच तिथं उभी होते असं मला वाटतं. सावलीत उभं राहून काम, पंखा, आणि पाळी सुटली की बायका डबे हलवत घरी. “रिकामे डबे वाजत हुते गं उजे,” ती सांगायची. “येका मागं येक. आन् समद्या आपापल्या घरी चाल्ल्या हुत्या.” मावशी म्हणायची, ये, ठेकेदाराला सांगते, हात चालतात तुझे. पण रोज यायला पाहिजे, पाळीच्या आधी. खोली घेऊन राहायचं तर पगार खोलीतच जाणार. एस्टी आमच्या फाट्यावर यायची ती उन्हं वर आल्यावर. आता जिल्ह्याचं नाव बदललंय, पाट्या बदलल्यात. पाटी लावलेली एस्टी मात्र आमच्याकडे अजून उन्हं वर आल्यावरच येते. आणि ठेसन? ठेसन म्हणे झुंजूमुंजूला सुटायचं आणि पाळीच्या आधी नगरला पोचायचं, सांजच्याला परत. जुनी माणसं ते अशा आवाजात सांगायची जणू कालच्या दिवशी पोचवून आली आहेत. आमच्यासारखी गावं जे कधी नव्हतं ते मागायला लाजतात. जे होतं आणि गेलं, ते परत मागायला लाजत नाहीत. म्हणून आम्ही एस्टी मागितली नाही, ठेसन मागितलं.

मागायला शिकवलं तात्यांनी. तात्या पूर्वी नागापूरला एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. तिथून कमी केल्यावर त्यांनी फाट्यावर चहाचं हॉटेल टाकलं. मी तालुक्याला अकरावीत होते, जीपची वाट बघत त्यांच्या बाकड्यावर बसायचे, आणि ते मला पत्रकं वाचायला द्यायचे, जुनी, तेलकट झालेली. वाचून झालं की विचारायचे, “काय मागितलंय?” मला सांगता आलं नाही तर म्हणायचे, “मग ते पत्रक न्हाई, रद्दी हाय.” त्यांचा नियम साधा होता. एका पत्रकात एक मागणी. मागणी गावाच्या तोंडच्या शब्दात. कठीण शब्द घातला की साहेब खूश होतो आणि गाव घरी जातं. मी आजही असंच लिहिते. ज्या माणसानं हे शिकवलं त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

मी लिहिलेलं पहिलं पत्रक मला अजून पाठ आहे. वर मोठ्या अक्षरात, ‘आमचं ठेसन आम्हाला परत पाहिजे.’ खाली, ‘ठेसन सकाळी नगरला जावं आणि सांजच्याला परत यावं. आमच्या आयाबाया रोज कामाला जातील आणि रोज घरी येतील. पोरांच्या आया होळीपर्यंत गायब होणार नाहीत.’ तात्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “एक अक्षर बदलायचं न्हाई.” तालुक्यातल्या दुकानात ते गुलाबी कागदावर छापलं. समिती झाली, तात्या अध्यक्ष. ग्रामसभेत ठराव झाला, याच शब्दांत. आजूबाजूच्या गावांनी तसाच ठराव केला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मी पत्रकं वाटली. एका म्हाताऱ्यानं ते हातात धरलं, त्याला वाचता येत नव्हतं, म्हणाला, “ठेसनाचं हाय व्हय? मंग दे दोन.”

मग निवडणूक आली. आमचे साहेब, ते आमदार झाले म्हणून साहेब म्हणायचं, शेजारच्याच गावचे. प्रचाराची सभा कचेरीसमोर झाली, शेळ्या हाकलून. ते गावाकडचं बोलले, अस्सल. “माझा आजा याच ठेसनानं शिकायला गेल्ता. तुमी मला निवडून द्या, मी ठेसन आणतो.” आणतो म्हणाले. हा शब्द नीट ऐका. इमारत बांधतात, दुरुस्त करतात, रंगवतात. इमारत कुणी आणत नाही. आणायची असते ती गाडी. त्या दिवशी माझी आई पहिल्या रांगेत मातीवर बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, “आनतो म्हनला बघ.” तिनंही तोच शब्द धरला होता.

आणि काम सुरू झालं. निवडणुकीनंतर काम सुरू होतं यावरच गावाचा विश्वास बसेना. पुण्याचा एक तरुण इंजिनीअर आला, चांगला मुलगा, पोरांना गोळ्या द्यायचा. फलाटाला नवी फरशी, छपराला नवी कौलं, भिंतींना पिवळा रंग. बाभळी तोडल्या आणि फलाटापुढचे जुने रूळ काढून नवेकोरे, चकचकीत टाकले, गावाच्या वळणापर्यंत. वळणापुढं बाभळी होत्या, त्यामुळं पुढचं दिसत नव्हतं. लोक म्हणायचे, नगरकडून येत असतील टाकत टाकत, इथं येऊन मिळतील. गाव वेडं नव्हतं. दादांनी शंका काढली होती. “वळनापतुर टाकून थांबले का मंग?” आत्या त्यांना म्हणाली, “तुला लाडू दिला तरी तू त्यात खडा हुडकशील.” आई त्या कामावर घमेली वाहायला गेली. संध्याकाळी सिमेंटचे हात धुताना ती गुणगुणायची. मी तिला असं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

दसऱ्याच्या तोंडावर तिनं इंजिनीअरला विचारलं. मी तिथं होते, त्याला पाणी द्यायला गेले होते.

“साहेब, ठेसन कंदी चालू हुनार?”

“दिवाळीनंतर, मावशी. नक्की.”

“रोज?”

“रोज. फक्त सोमवारी बंद.”

तो खोटं बोलला नाही. तो जे बांधत होता त्याबद्दल तो खरंच बोलत होता. आईनं विचारलं तेही सरळ होतं. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना खरं सांगत होती आणि त्यातून माझ्या आईचं वर्ष बुडत होतं. घरी आल्यावर तिला एकच काळजी, सोमवारचं काय करायचं. मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, सुट्टी बदलून घेता येते, ठेकेदाराशी बोलते. आईनं फोन ठेवला आणि आत्याला म्हणाली, “आक्का, सोमवारचं मिटलं.” त्या सोमवारावर आम्ही नंतर खूप हसलो. ते हसणं चांगलं नव्हतं.

मुकादम दसऱ्यानंतर आला. त्याला सगळे आबा म्हणायचे. अंगणात खाटेवर बसून तो पाणी प्यायला आणि त्यानं विचारलं, “वैनी, गाठोडं बांधलं का?”

“न्हाई आबा. औंदा मी न्हाई. मी ठेसनानं नागापूरला जानार.”

आबा हसला, पण वाईट हसला नाही. “ठेसन आलं तर मला कोयते कोन दील? मंग मीबी येतो तुमच्यासंगं. पुड्या भरीन.”

“तुमाला न्हाई घ्यायचे. तुमी निम्म्या पुड्या इकून खाल,” आत्या म्हणाली, आणि सगळे हसले, दादा सोडून. आबा गेल्यावर दादा म्हणाले, “मी काय आता अर्धा कोयता म्हून जाऊ? मुकादम मला कुना बिनबायकोच्या मानसासंगं जोडील. लोक काय म्हनतील?”

“म्हनू द्या,” आई म्हणाली. “होळीला याल तवा मी तुमाला नगरला घ्यायला यीन. पगाराची साडी नेसून.”

दादा टेम्पोत बसले तेव्हा आईकडं न बघता मला म्हणाले, “आईला संबाळ.” आई टेम्पो धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत उभी होती. मग घरात आली आणि नवा डबा घासायला बसली. नव्या डब्याला घासायचं काय असतं?

उद्घाटनाचा दिवस दिवाळीनंतरच आला, इंजिनीअरनं सांगितल्याप्रमाणे. तोपर्यंत फलाटापुढं एक लाल डबा आणि काळं कुळकुळीत इंजिन येऊन उभं राहिलं होतं. ट्रकवरून आणून क्रेननं उतरवलं. ते उतरताना गाव टाळ्या वाजवत होतं. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या पत्रकानं आनलं हे.” त्यांचा हात जड होता. तेव्हा मला वाटलं, कौतुकानं जड आहे.

त्या सकाळी आई पहाटेच उठली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. ठेवणीतलं जांभळं लुगडं. ती एकटीच नव्हती. आळीतल्या चारचौघी डबे घेऊन आल्या होत्या. पलीकडच्या वस्तीवरचे एक म्हातारबाबा डोळे दाखवायला नगरच्या दवाखान्यात जायचं म्हणून पिशवीत धोतर घेऊन आले होते. एक बाई लेकीच्या गावी द्यायला कोंबडी घेऊन आली होती, पाय बांधलेली. मंडप, खुर्च्या, फुगे. साहेबांनी फीत कापली. भाषणात म्हणाले, “दिलेला शब्द पाळला. ठेसन आणलं.” आणि मग कुणीतरी बटण दाबलं आणि कर्ण्यातून शिट्टी वाजली. लांबलचक, खोल, जुन्या इंजिनाची शिट्टी, कुठूनतरी भरून आणलेली. लोकांना वाटलं सुटलं. लोक धावले. म्हातारबाबांना दोघांनी दंडाला धरून डब्यात चढवलं. कोंबडी ओरडत आत गेली. माझी आई खिडकीपाशी बसली, डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. फोटोवाल्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी साहेबांना त्या खिडकीखाली उभं केलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. ‘गावकऱ्यांचा उत्साह’ असं खाली होतं.

शिट्टी संपली. काही हललं नाही. लोक वाट बघत बसले. सुटायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. मंडपात पेढे वाटायला सुरुवात झाली. मग तात्या खिडकीपाशी आले. त्यांच्या छातीवर गुलाबी फूल होतं.

“वैनी, उतरा आता. फोटो झाले.”

“सुटंल कंदी?”

“हे असंच ऱ्हानार, वैनी. उभं.”

“उभं म्हंजी?”

“लोक बघायला येतील. नगरचे, पुन्याचे. पर्यटन हाय ते. आपल्या गावाचं नाव हुईल.”

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मी तिला विचारताना ऐकलं, अगदी हळू, जणू कुणाच्या आजारपणाबद्दल विचारतेय. “तात्या, तुमाला ठावं हुतं?”

तात्यांनी छातीवरचं फूल नीट केलं. मग म्हणाले, “कँटीन मिळालंय मला हितं. तुमाला कामाला घेतो की. लांब कशाला जाता?”

आईनं डबा उघडला आणि तिथंच, त्या न जाणाऱ्या डब्यात बसून, भाकरी खाल्ली. सगळी. सावकाश. बाकीच्या बाया एकेक करून उतरल्या. म्हातारबाबा उतरायला तयार नव्हते, त्यांना वाटत होतं नगर आलं म्हणून उतरवताहेत आणि ते दवाखाना विचारत होते.

मी मंडपात गेले. व्यासपीठावर एक मोठे अधिकारी बसले होते, त्यांच्या हातात आमचाच ठराव होता, भाषणात वाचून दाखवायला आणलेला. मी विचारलं, “यात लिहिलंय ठेसन सकाळी नगरला जावं आणि सांजच्याला परत यावं. कोणती इमारत सकाळी नगरला जाऊन सांजच्याला परत येते?” ते सभ्य माणूस होते. चिडले नाहीत. म्हणाले, “बाळ, हे वर इंग्रजीतून जातं. स्टेशनाचं पुनरुज्जीवन असं गेलं असणार. तुमच्या निवेदनात गाडीचा शब्दच नाही ना.” मी साहेबांकडं वळले. त्यांना तरी इंग्रजीची गरज नव्हती. मी म्हणाले, “साहेब, तुमचा आजा इमारतीत बसून शिकायला गेला का?” माईक बंद झाला. साहेब हसले आणि शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पोरगी बोलती चांगली. हिला इथं गाईड म्हणून घ्या.” मंडप हसला. माझं गाव हसलं. पेढे तोंडात होते, तरी हसलं.

मला अजून लोक विचारतात, तुला राग कुणाचा येतो. साहेबांचा येत नाही, त्यांचं काम ते करून गेले. इंजिनीअरचा तर नाहीच. तात्यांचा येतो, पण त्यांनी शिकवलेलं मी रोज वापरते, म्हणून तो गिळावा लागतो. खरा राग त्या हसण्याचा येतो. आता तिथं तिकीट आहे. शनिवार-रविवारी नगरहून गाड्या येतात, मोटारगाड्या, पोरी खिडकीत बसून फोटो काढतात, आणि ती शिट्टी तासातासानं वाजते. आमच्या गावातल्या लहान मुलांना ठेसन म्हणजे इमारत वाटते. त्यांनी आमचा शब्दही नेला.

आई कँटीनमध्ये गेली नाही. मावशीच्या कारखान्यानं वाट बघितली आणि दुसरीला घेतलं. घरातली बाजरी संपायला आली तेव्हा आई एका परक्या मुकादमाकडं गेली, पाथर्डीकडच्या. दादांची टोळी तोवर लांब कर्नाटकाकडं गेली होती. परका मुकादम म्हणाला, कोयता असेल तर या, अर्धा नको. आत्या म्हणाली, “मी जाते.” आत्याला वाकता येत नव्हतं. मी बारावीला होते. कुणी मला जा म्हटलं नाही. मी दप्तर आढ्याला टांगलं आणि आईबरोबर गाठोडं बांधलं. आई भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. तेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

टेम्पो कचेरीसमोर येणार होता, कारण तिथला रस्ता आता डांबरी झाला होता. आम्ही फलाटाच्या नव्या फरशीवर टेकलो तर राखणदार आला. आमच्याच आळीतला, आईला काकू म्हणणारा. नव्या गणवेशात अवघडलेला. म्हणाला, “काकू, हितं बसू देत न्हाईत. तिकीट लागतं.” आई उठली, मला उठवलं आणि म्हणाली, “बराबर हाय त्याचं. फरशी मीच टाकलीया, मला ठावं हाय किती गुळगुळीत हाय ती.” आम्ही खाली मातीत बसलो. टेम्पो आला, त्यात आधीच बरीच माणसं होती. आम्ही चढलो.

पुणतांब्याकडच्या ऊसपट्ट्यात जायचं होतं, म्हणजे नगरवरून, मनमाडच्या रस्त्यानं. नागापूरला टेम्पो चहाला थांबला. सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ. समोरच्या फाटकातून बायका आत जात होत्या, डबे घेऊन, घाईघाईनं, एकमेकींशी बोलत. भरलेले डबे वाजत नाहीत. आई टेम्पोच्या फळीला धरून बघत राहिली. मला वाटलं ती मावशीला शोधतेय, म्हणून मीही शोधू लागले. मग तिनं माझी ओढणी ओढून माझ्या कपाळापर्यंत आणली आणि स्वतःचा पदर तोंडापुढं घेतला.

“वळखीचं कुनी दिसलं आन् इचारलं,” ती म्हणाली, “तर सांग, लग्नाला चाललोय.”

टेम्पोत कोयते होते, चुलीचे दगड होते, बाजरीची पोती होती आणि माझ्या पायाशी कुणाचीतरी शेळी बसली होती. मी म्हणाले, व्हय.